युरॅसिल उपटणारं एन्झाइम: रचना पाहण्यापासून जेलवर बँड वाचण्यापर्यंत

डीएनएमधलं सायटोसिन पाण्यात आपोआप खराब होतं. त्याचा अमिनो गट गळून पडतो आणि त्या जागी युरॅसिल उरतं. माणसाच्या एका पेशीत दिवसाला अशा साधारण १०० ते ५०० घटना घडतात असा अंदाज आहे. त्यासाठी ना किरणोत्सर्ग लागतो, ना सिगारेटचा धूर. शरीराचं तापमान आणि भोवतीचं पाणी पुरतं. हे युरॅसिल तसंच राहिलं तर पुढची प्रत काढताना त्याच्यासमोर ग्वानिनऐवजी अ‍ॅडेनिन बसतं, आणि एका धाग्याच्या वंशात जी:सी जोडी कायमची ए:टी होते.

ते होऊ न देणारं पहिलं एन्झाइम म्हणजे युरॅसिल-डीएनए ग्लायकोसायलेज. प्रयोगशाळेत त्याला ‘यूडीजी’ म्हणतात, आणि माणसातल्या त्याच्या मुख्य जनुकाला ‘यूएनजी’. टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये ई. कोलाय जिवाणूत असं एन्झाइम असल्याचं दाखवलं. डीएनए दुरुस्तीवरच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासोबत मिळालं.

हा लेख मुंबईतल्या एम.एस्सी.च्या आणि नुकत्याच प्रोजेक्टला लागलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुम्ही कलिन्याला असा, ट्रॉम्बेला असा, खारघरला असा किंवा साधं फ्रीज आणि जेलची टाकी एवढंच असलेल्या कॉलेजात असा, युरॅसिल असलेला डीएनएचा चमकता तुकडा या एन्झाइमने आणि मग अल्कलीने तोडून जेलवर पाहण्याचा हा प्रयोग तुम्हाला जमण्याजोगा आहे. आग्रह एकच आहे: रचना एका तासाला आणि प्रयोग दुसऱ्या तासाला, असं वेगवेगळं शिकू नका. या एन्झाइममधलं प्रत्येक महत्त्वाचं अमिनो आम्ल कोणती तरी चूक टाळण्यासाठी तिथे बसलेलं आहे, आणि तुमच्या प्रयोगातली प्रत्येक कंट्रोल ट्यूब त्याच चुकीबद्दल विचारते. हे एकदा लक्षात आलं की प्रोटोकॉल पाठ करावा लागत नाही.

आधी क्रमांकांचा घोळ मिटवा

यूएनजी जनुकापासून दोन प्रथिनं बनतात. यूएनजी-१ मायटोकाँड्रियात जातं, त्यात ३०४ अमिनो आम्लं असतात. यूएनजी-२ केंद्रकात जातं, त्यात ३१३. दोघांचा मागचा भाग, म्हणजे शेवटची २६९ अमिनो आम्लं, अगदी सारखा असतो. फरक फक्त सुरुवातीच्या तुकड्यात आहे: एकात ३५, दुसऱ्यात ४४.

अडचण इथेच सुरू होते. रचनेवरचे जवळजवळ सगळे शोधनिबंध यूएनजी-१ चे क्रमांक वापरतात. त्यामुळे पुस्तकात अ‍ॅस्पार्टेट-१४५, हिस्टिडिन-२६८, ल्युसिन-२७२ असं वाचायला मिळतं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या क्रमांच्या संग्रहात पी१३०५१ ही नोंद उघडली की मात्र यूएनजी-२ चा क्रम समोर येतो, आणि तिथे प्रत्येक क्रमांक ९ ने वाढलेला असतो. अ‍ॅस्पार्टेट-१४५ तिथे १५४ आहे आणि हिस्टिडिन-२६८ तिथे २७७ आहे. उत्परिवर्तनासाठी प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, काढताना हा ९ चा फरक विसरलात तर भलतंच अमिनो आम्ल बदललं जाईल, आणि एन्झाइम व्यवस्थित काम करताना पाहून तुम्ही बुचकळ्यात पडाल. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही क्रमांकांचा तक्ता करून ठेवा. या लेखात यूएनजी-१ चे क्रमांक आहेत.

रचना पाहण्याची पायरी

यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर रचना ब्राउझरमध्येच उघडते. चार नोंदी पुरतात. १एकेझेड म्हणजे डीएनएशिवायचं मोकळं मानवी एन्झाइम, रेझोल्यूशन १.५७ अँगस्ट्रॉम. १ईएमएच मध्ये डीएनए धरलेला आहे, पण बंध तुटलेला नाही, कारण तिथे युरॅसिलऐवजी न तुटणारं स्यूडोयुरिडिन वापरलं आहे. १एसएसपी मध्ये काम झालेलं आहे: सुटलेलं युरॅसिल खिशात बसलंय आणि डीएनएच्या धाग्यावर रिकामी साखर दिसते. १यूजीएच मध्ये एन्झाइमच्या तोंडात यूजीआय नावाचं छोटं प्रथिन अडकलेलं आहे. याच क्रमाने पाहा. मोकळं, धरलेलं, तोडलेलं, अडवलेलं.

पहिल्या नोंदीत मधोमध चार समांतर बीटा पट्ट्यांची किंचित पिळलेली चादर दिसेल आणि तिच्याभोवती आठ अल्फा हेलिक्स. संपूर्ण प्रथिन इथे नाही, साधारण २२३ अमिनो आम्लांचा उत्प्रेरक भागच आहे. सुरुवातीचं शेपूट स्फटिकात नाही, कारण ते एका आकारात टिकत नाही. रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय साधनाचं भाकीत उघडलंत तर तोच भाग बहुतेक नारिंगी-पिवळा, म्हणजे कमी खात्रीचा, दिसेल. म्हणून तो निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. यूएनजी-२ चं हेच शेपूट पीसीएनए आणि आरपीए या प्रथिनांना धरतं. त्यामुळे डीएनएची प्रत जिथे निघतेय तिथेच हे एन्झाइम हजर राहतं.

आता १एसएसपी उघडा. डीएनए सरळ नाही, त्याला बाक आला आहे, हे लगेच जाणवेल. सेरिन आणि प्रोलिन असलेले काही लूप धाग्याच्या फॉस्फेटांना दोन्हीकडून चिमटीत पकडतात. त्या दाबाने युरॅसिल दुहेरी पिळातून बाहेर पडतं आणि खिशात शिरतं. मोकळ्या झालेल्या जागेत ल्युसिन-२७२ पाचरीसारखं घुसतं, म्हणजे बेस मागे फिरत नाही. हे ल्युसिन निवडून रंगवा आणि कॅमेरा फिरवत राहा. ही हालचाल समजेपर्यंत पुढे जाऊ नका. आमच्या मते संपूर्ण विषयातली हीच सर्वांत मोलाची पंधरा मिनिटं आहेत.

खिशात पाच अमिनो आम्लं शोधा.

अ‍ॅस्पराजिन-२०४ युरॅसिलच्या एका कडेशी दोन हायड्रोजन बंध जुळवतं. सायटोसिनच्या कडेशी ते जुळत नाहीत. हे अ‍ॅस्पराजिन बदलून अ‍ॅस्पार्टेट केलं की एन्झाइम चांगलं सायटोसिनही उपटायला लागतं, हे प्रयोगाने सिद्ध झालंय.

टायरोसिन-१४७ युरॅसिलच्या पाचव्या कार्बनला चिकटून उभं आहे. थायमिनला नेमका तिथेच मिथिल गट असतो, म्हणून थायमिन आत मावत नाही. टायरोसिनच्या जागी अ‍ॅलानिन घातलं की थायमिनही निघू लागतं. थायमिन हा डीएनएचा हक्काचा बेस आहे, तेव्हा हे टायरोसिन नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करा.

फेनिलअ‍ॅलानिन-१५८ युरॅसिलच्या सपाट कड्यावर सपाट बसून त्याला स्थिर ठेवतं.

हिस्टिडिन-२६८ युरॅसिलच्या दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनशी बंध करतं आणि बंध तुटताना युरॅसिलवर येणारा ऋण भार सांभाळतं. अंतर मोजण्याचं साधन घेऊन मोजा, २.५ ते ३.२ अँगस्ट्रॉमच्या मधला आकडा यायला हवा. त्यापेक्षा खूप मोठा आला तर तुम्ही चुकीचा अणू निवडलाय. बहुतेक वेळा कड्यातला दुसरा नायट्रोजन निवडला जातो.

अ‍ॅस्पार्टेट-१४५ पाण्याच्या रेणूला हल्ल्यासाठी योग्य जागी धरतं. ते अ‍ॅस्पराजिन केलं की एन्झाइम जवळपास थंड पडतं.

खिशात काय नाही, तेही नोंदवा. धातूचा एकही आयन नाही. या एन्झाइमला मॅग्नेशियमवाचून अडत नाही, ते ईडीटीए या धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या रसायनातही काम करतं. हे प्रयोगात दोनदा उपयोगी पडणार आहे. आणि साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर जादा ऑक्सिजन आला, म्हणजे आरएनएची साखर आली, तर या एन्झाइमला ती चालत नाही. पेशीतल्या सगळ्या आरएनएमध्ये युरॅसिल खच्चून भरलेलं असूनही हे एन्झाइम त्याला हात लावत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

एन्झाइम नेमकं कुठे थांबतं

नवखे विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात: यूडीजी डीएनएचा धागा तोडत नाही. ते फक्त बेस आणि साखर यांच्यामधला बंध तोडतं. धागा अखंड राहतो, एक जागा रिकामी होते. तिला एपी साइट म्हणतात. पेशीत पुढचं काम एपीई-१ हे दुसरं एन्झाइम करतं, ते रिकाम्या जागेच्या पाच-प्राइम बाजूला (डीएनएच्या धाग्याच्या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम म्हणतात) धागा कापतं आणि त्याला मॅग्नेशियम लागतं. मग डीएनए पॉलिमरेज बीटा योग्य बेस भरतं आणि उरलेला साखर-फॉस्फेटचा तुकडा काढतं, आणि लायगेज-३ एक्सआरसीसी-१ च्या मदतीने फट सांधतं. आपल्या ट्यूबमध्ये एपीई-१ च्या जागी आपण सोडियम हायड्रॉक्साइड आणि उष्णता वापरतो, कारण एपी साइट अल्कलीत तुटते.

ऑलिगो मागवताना

३० बेसचा एकेरी ऑलिगो, म्हणजे यंत्रात बनवलेला डीएनएचा छोटा धागा, मागवा. पाच-प्राइम टोकाला फॅम हा चमकणारा रंग, १५ व्या जागी युरॅसिल. युरॅसिल टोकाजवळ ठेवू नका, कारण तीन-प्राइम टोकाशी असलेलं युरॅसिल हे एन्झाइम काढू शकत नाही. याच क्रमाचा, पण १५ व्या जागी थायमिन असलेला दुसरा ऑलिगो कंट्रोलसाठी. आणि पूरक धागे दोन: एकात युरॅसिलसमोर ग्वानिन, दुसऱ्यात अ‍ॅडेनिन. पहिली जोडी म्हणजे खराब झालेलं सायटोसिन, दुसरी म्हणजे प्रत काढताना थायमिनच्या जागी चुकून बसलेलं युरॅसिल. पेशीत दोन्ही घडतात.

फॅम पाच-प्राइम टोकालाच का? ऑलिगोची साखळी यंत्रात तीन-प्राइमकडून पाच-प्राइमकडे वाढते, म्हणजे फॅम सर्वांत शेवटी जोडला जातो. मध्येच अडकलेल्या अपुऱ्या साखळ्यांना तो लागत नाही आणि त्या जेलवर चमकत नाहीत. पार्श्वभूमी आपोआप स्वच्छ राहते.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये क्रम टाइप करताना नुसतं ‘यू’ लिहिलं तर काही ठिकाणी त्याचा अर्थ आरएनएचं युरिडिन असा घेतला जातो. तुम्हाला हवंय डीऑक्सियुरिडिन. ते बदलांच्या यादीतून वेगळं निवडावं लागतं, आणि त्याचा कोड प्रत्येक पुरवठादाराचा निराळा असतो. आरएनएचं युरिडिन आलं तर एन्झाइम त्याला शिवणार नाही, पण अल्कली आणि उष्णता त्या जागी धागा कापतील, कारण साखरेवरचा तो जादा ऑक्सिजन अल्कलीत शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो. परिणाम असा की एन्झाइम नसलेल्या ट्यूबमध्येही कापलेला बँड दिसेल. असं दिसलं की एन्झाइमला दोष देण्याआधी ऑर्डरची प्रत काढून पाहा.

ऑलिगो कोरडा येतो, त्याला मुंबईच्या उन्हाचं फारसं काही होत नाही. उघडण्याआधी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर झाकणाला चिकटलेली पावडर उडते. १०० मायक्रोमोलरचा साठा करा, छोट्या भागांत वाटून फॉइलमध्ये गुंडाळा, उणे २० वर ठेवा. फॅम उजेडाने फिका पडतो.

एन्झाइम पातळ करा, वाटतं त्यापेक्षा फार पातळ

बाजारात सहज मिळतं ते बहुतेक ई. कोलायचं यूडीजी. मानवी एन्झाइमही मिळतं, पण महाग. दोघांचा उत्प्रेरक गाभा इतका सारखा आहे की शिकण्यासाठी जिवाणूचं पुरतं, फक्त वहीत तसं स्पष्ट लिहा.

पुरवठादारांची युनिटची व्याख्या एक नाही. एका ठिकाणी १ युनिट म्हणजे मिनिटाला ६० पिकोमोल युरॅसिल, दुसऱ्या ठिकाणी तासाला १ नॅनोमोल. कागदावर पहिलं युनिट दुसऱ्याच्या ३.६ पट भरतं. ट्यूबसोबतचा कागद वाचल्याशिवाय मित्राचं प्रमाण उचलू नका.

आता हिशेब करा. २० मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोमोलर ऑलिगो म्हणजे फक्त २ पिकोमोल. पहिल्या व्याख्येचं १ युनिट घातलं तर ते कागदावर २ सेकंदांत संपतं. वेळेनुसार वाढ पाहायची तर सुमारे ०.००१ युनिटपासून सुरुवात करावी लागते. साठा मायक्रोलिटरला ५ युनिट असेल तर १ मायक्रोलिटर ९९ मध्ये, आणि त्यातला १ पुन्हा ९९ मध्ये. म्हणजे १०,००० पट, मायक्रोलिटरला ०.०००५ युनिट. एवढं पातळ प्रथिन प्लास्टिकला चिकटून नाहीसं होतं, म्हणून पातळ करायच्या बफरमध्ये बीएसए हे निरुपद्रवी प्रथिन मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम हवंच. पातळ केलेलं उद्यासाठी ठेवू नका.

एन्झाइमचा साठा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतो, तो उणे २० ला गोठत नाही. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज टाळा. त्याचा बर्फ वितळवण्याचा फेरा तापमान वरखाली करत राहतो. कलिन्याहून खारघरला नेताना हार्बरच्या गर्दीत प्रवास तासाहून जास्त होतो, तेव्हा उणे २० चा थंड ब्लॉक असलेला डबा घ्या. बाहेरच्या दमट हवेने थंड ट्यूबच्या झाकणावर पाणी साठतं, म्हणून उघडण्याआधी पुसा आणि क्षणभर फिरवा.

रिअ‍ॅक्शन

दहापट बफर असं करा: २०० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल पीएच ८.०, १० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर डीटीटी. डीटीटी त्याच दिवशी घाला. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर अंशाला साधारण ०.०३ ने घसरतो. एसीच्या २२ अंशांत ८.० लावलेला बफर ३७ ला ७.६ च्या आसपास येतो. एन्झाइमला ते चालतं, पण प्रत्येक वेळी एकाच तापमानाला पीएच लावा, नाहीतर गेल्या आठवड्याचा निकाल या आठवड्याशी जुळणार नाही.

१. बर्फावर एका ट्यूबमध्ये दहापट बफर ७ मायक्रोलिटर, १ मायक्रोमोलर ऑलिगो ७, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम बीएसए ३.५ आणि पाणी ४५.५ एकत्र करा. एकूण ६३.

२. सहा छोट्या ट्यूबमध्ये आधीच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १ मायक्रोलिटर टाकून ठेवा. रिअ‍ॅक्शन थांबवण्याचं आणि रिकामी जागा तोडण्याचं काम हेच करणार आहे.

३. मिश्रणातून ९ मायक्रोलिटर काढा, त्यात एन्झाइमऐवजी पातळ करायचं बफर १ मायक्रोलिटर घाला आणि पहिल्या ट्यूबमध्ये टाका. हा शून्य मिनिटाचा नमुना.

४. उरलेले ५४ मायक्रोलिटर ३७ अंशांवर ३ मिनिटं तापू द्या. मग पातळ केलेलं एन्झाइम ६ मायक्रोलिटर घाला, पिपेटने दोनदा हलकेच वरखाली करा, घड्याळ सुरू करा.

५. १, २, ५, १० आणि २० मिनिटांना १० मायक्रोलिटर काढून पुढच्या ट्यूबमध्ये टाका. लगेच मिसळा.

६. सगळ्या ट्यूब ९५ अंशांवर १० मिनिटं. झाकणं पक्की बसवा, चष्मा लावा. गरम अल्कली डोळ्यात जाणं परवडणारं नाही.

७. ११ मायक्रोलिटर फॉर्मामाइड घाला: ९५ टक्के फॉर्मामाइड, १० मिलिमोलर ईडीटीए, रंग नाही.

दुहेरी धागा वापरायचा असेल तर फॅमच्या ऑलिगोला १.२ पट पूरक धागा, ५० मिलिमोलर मीठ, ९५ अंशांवर ५ मिनिटं आणि मग हीट ब्लॉक बंद करून आपोआप थंड होऊ द्या. यूडीजीला सर्वांत आवडतो एकेरी धागा, मग यू:जी जोडी, मग यू:ए. जास्त मिठाने वेग पडतो, तेव्हा सगळ्या ट्यूबमध्ये मीठ सारखं ठेवा.

पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या बरणी उघडताच ओल धरतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतात. मग ४ ग्रॅम वजन केलं तरी त्यात पाणीच मोजलेलं असतं, आणि रिकाम्या जागा अर्धवट तुटतात. जुलैत नवी बरणी घ्या, वजन झटपट करा, द्रावण प्लास्टिकच्या घट्ट बाटलीत ठेवा आणि दर आठवड्याला ताजं करा.

कंट्रोल ट्यूब

यातली एकही गाळू नका. थायमिनचा ऑलिगो आणि एन्झाइम: टायरोसिन-१४७ आपलं काम करतंय का, हे ही ट्यूब सांगते. इथे कापलेला बँड आला तर एन्झाइममध्ये न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए कापणारं दुसरं एन्झाइम, मिसळलेलं आहे. यूजीआय घातलेली ट्यूब: हे ८४ अमिनो आम्लांचं प्रथिन मुळात बॅसिलसच्या एका विषाणूचं. त्या विषाणूच्या डीएनएमध्ये थायमिनऐवजी युरॅसिलच असतं, आणि यजमानाच्या यूडीजीने ते उपटू नये म्हणून तो हे प्रथिन बनवतो. १यूजीएच मध्ये पाहिलंत तसं ते डीएनएच्याच जागेवर बसतं. ते आधी एन्झाइमसोबत ५ मिनिटं ठेवा, मग ऑलिगो घाला.

एन्झाइम आहे, अल्कली नाही, ही ट्यूबही हवी. या एन्झाइमने धागा तोडायचा नसतो, तेव्हा बँड अखंड दिसायला हवा. हा नमुना फॉर्मामाइडमध्ये ९५ अंशांना तापवू नका, ७० अंशांवर २ मिनिटं पुरे. जास्त उष्णतेने रिकाम्या जागा आपसूक तुटतात आणि फिका खोटा बँड येतो. जमलं तर अल्कलीऐवजी एपीई-१ ची ट्यूब करा, दुहेरी धाग्यावर. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर घालायला विसरू नका. बफरमधलं १ मिलिमोलर ईडीटीए थोडं मॅग्नेशियम खातं, बाकीचं एपीई-१ ला मिळतं. ‘एपीई-१ चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा विसरलेलं मॅग्नेशियमच असतं.

जेल

२० टक्के अ‍ॅक्रिलामाइड, ७ मोलर युरिया, छोट्या जेलसाठी १० मिलिलिटर: युरिया ४.२ ग्रॅम, १९:१ चा ४० टक्के अ‍ॅक्रिलामाइड ५ मिलिलिटर, दहापट टीबीई १ मिलिलिटर, बाकी पाणी. युरियाच तीनेक मिलिलिटर जागा घेतो, त्यामुळे पाणी १ मिलिलिटरही लागत नाही. कोमट करून विरघळवा, थंड होऊ द्या, मग जेल जमवणारी दोन रसायनं: १० टक्के एपीएस ८० मायक्रोलिटर आणि टेमेड ६. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत हे मिश्रण झपाट्याने घट्ट होतं, तेव्हा काचा, स्पेसर, कंगवा आधी तयार ठेवा. न जमलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, हातमोजे काढू नका.

२०० व्होल्टवर अर्धा तास रिकामं चालवा. नमुना भरण्याच्या क्षणी प्रत्येक विहीर बफरने सिरिंजने धुवा. खाली साठलेला युरिया धुतला नाही तर नमुना तरंगतो आणि बँड वाकडे येतात. प्रत्येक विहिरीत १० मायक्रोलिटर भरा. नमुना किती धावला ते दाखवणारे निळे रंग फक्त एका रिकाम्या लेनमध्ये घाला. २० टक्के जेलमध्ये झायलीन सायनॉल साधारण २८ बेसच्या जागी धावतं, म्हणजे तुमच्या ३० बेसच्या बँडच्या अगदी जवळ, आणि त्याची चमक दाबतं. ब्रोमोफिनॉल ब्लू ८ बेसच्या आसपास असतो. तो काचेच्या तळाशी येऊ लागला की थांबा.

बँड वाचताना

वरचा बँड ३० चा, खालचा १४ चा. खालचा कधी दोन जवळजवळच्या बँडांचा दिसतो. घाबरू नका. अल्कलीने जागा दोन टप्प्यांत तुटते, आणि पहिल्या टप्प्यावर थांबलेले तुकडे किंचित मागे राहतात. ९५ अंशांवरचा वेळ १५ मिनिटं केला की बहुतेक एकच बँड उरतो. एपीई-१ च्या लेनमधला बँडही अल्कलीच्या बँडपेक्षा थोडा वर असेल, कारण त्याच्या टोकाला फॉस्फेट नाही आणि तेवढा ऋण भार कमी आहे.

मोजणी इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा. प्रत्येक लेनमध्ये खालच्या बँडला दोन्ही बँडांच्या बेरजेने भागा. असं केलं की लेनमध्ये नमुना कमीजास्त भरला गेला असला तरी फरक पडत नाही. सुरुवातीचा वेग काढताना फक्त २० टक्क्यांपर्यंत कापलेले बिंदू घ्या. पहिल्याच मिनिटाला सगळं कापलेलं दिसलं तर एन्झाइम १० पट आणखी पातळ करा. २० मिनिटांनंतरही काहीच नाही, तर १० पट घट्ट करून पाहा. तरीही नसेल तर अल्कली संशयास्पद आहे. अल्कली तपासायची सोपी रीत: १ युनिट एन्झाइमने अर्धा तास पूर्ण उपटलेला ऑलिगो घ्या आणि जुन्या व नव्या अल्कलीने शेजारी शेजारी तोडा.

पुढे मानवी पेशींच्या अर्काकडे वळाल तेव्हा एक लक्षात ठेवा. अर्कात युरॅसिल काढणारं यूएनजी एकटं नसतं. स्मग-१, टीडीजी आणि एमबीडी-४ हीही तिथे असतात. एकाच अर्काच्या दोन ट्यूब करा, एकीत यूजीआय. यूजीआयने जेवढा भाग बंद पडला तेवढा यूएनजीचा, उरलेला बाकीच्यांचा. पेशीत मिथिल लावलेलं सायटोसिन खराब झालं की थेट थायमिन बनतं. टायरोसिन-१४७ मुळे यूएनजीला ते काढता येत नाही, ते काम टीडीजी आणि एमबीडी-४ करतात. बी पेशींवर काम करणाऱ्यांनी तर ही वजाबाकी चुकवूच नये. त्या पेशी एआयडी एन्झाइमने प्रतिपिंडांच्या जनुकात मुद्दाम युरॅसिल तयार करतात आणि ते उपटायला यूएनजीच लागतं. ज्या माणसांत यूएनजी जन्मतः निकामी असतं त्यांच्या शरीरात आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं साठतात, आयजीजी प्रकारची पुरेशी बनत नाहीत आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. अर्कासाठी प्रथिन ०.५, १, २ आणि ५ मायक्रोग्रॅम अशा चार मात्रांत घ्या आणि ईडीटीए कायम ठेवा, म्हणजे मॅग्नेशियमवर चालणारी न्यूक्लिएज गप्प राहतात आणि फॅमचा ऑलिगो टोकापासून कुरतडला जात नाही.